मागच्या दारची खोपी

कोकणात सध्या घरं भराभर बांधली जातायत. मुंबई-पुण्याहून नकाशे येतात. त्यांत पुढचा व्हरांडा असतो, गाडी लावायची जागा असते, गच्चीतून समुद्र कुठून दिसेल याचाही विचार असतो. मागच्या दारापाशी मात्र नकाशातली रेघ संपते. त्या दारापलीकडे काय ठेवायचं आणि जून ते सप्टेंबर ते कोरडं कसं ठेवायचं, हे कोणी विचारत नाही. मग पहिल्याच पावसाळ्यात शिडी जिन्याखाली जाते, नारळ पलंगाखाली जातात, लाकडं निळ्या ताडपत्रीखाली जातात, आणि नवंकोरं घर ऑगस्टपर्यंत कुबट वासाने भरून जातं.

म्हणून मला मागच्या दारच्या खोपीबद्दल, म्हणजे घरामागे सामान-लाकडं ठेवायच्या छोट्या शेडबद्दल, लिहायचंय. आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रालगतच्या एका गावात आहे. दार पूर्वेला, रस्त्याकडे. मागे पश्चिमेला नारळी-पोफळींचं आगर, त्यापलीकडे सुरूची झाडं आणि मग वाळू. अशा घरात मागच्या बाजूला किती गोष्टी साठतात ते बाहेरच्याला सांगूनही खरं वाटत नाही. असोले, म्हणजे न सोललेले, नारळ. सोललेल्या नारळांची सोडणं, म्हणजे काथ्याची सालं, आणि करवंट्या. माडाच्या वाळलेल्या झावळ्या म्हणजे चुडतं, पोयी, पोफळीच्या पानांच्या रुंद विऱ्या. लांब शिडी, आंबे उतरवायचा झेला, सुंभाची वेटोळी, कोयत्या, पहार, खोरं, घमेली. उन्हाळ्यातल्या मांडवाच्या काठ्या, जे मिरगाआधी, म्हणजे पावसाच्या तोंडावर, उतरवावे लागतात ते विणलेल्या चुडतांचे झाप. पंपाचे पाइप. आणि या सगळ्यापेक्षा जास्त जागा खाणारी, न्हाणीत पाणी तापवायच्या चुलवणाला वर्षभर लागणारी लाकडं.

हे सगळं एका छपराखाली राहायला हवं, पण प्रत्येकाची गरज वेगळी. लाकडाला वारा हवा. नारळाला वारा हवा, पण ऊन नको. लोखंडाला वाराही नको, कारण इथल्या वाऱ्यात मीठ असतं. सोडणाला विस्तवापासून लांब ठेवायला हवं, कारण ते एकदा धुमसायला लागलं की वरून पाणी ओतलं तरी आत धुमसत राहतं. चार भिंती घालून, वर पत्रा टाकून, दाराला कडी लावली की साठवणीची खोली तयार होते असं मानणाऱ्यांनी कोकणातला जुलै बंद खोलीत काढलेला नसतो. हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास आठवडेच्या आठवडे टिकते. अशा हवेत बंद खोलीत ठेवलेली वस्तू पावसाने भिजत नाही, पण बुरशीने जाते. वर्षानुवर्षं आगर सांभाळणाऱ्यांच्या खोप्या पाहिल्या तर त्यांना भिंती नावापुरत्या असतात आणि छप्पर अंगापेक्षा मोठं असतं. खोपी म्हणजे मुळात छप्परच.

आमची जुनी खोपी अशीच होती. माणग्याच्या बांबूंचा सांगाडा, वर झाप आणि पेंढा, दर मे महिन्यात नव्याने शाकारलेली. माणगा आतून भरीव असतो, म्हणून खांबालाही चालतो. ३ जून २०२०च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. त्याच्या दक्षिणेकडचा आमचा दापोली-मंडणगडचा किनाराही त्या तडाख्यातून सुटला नाही. आगरातल्या पोफळी मधोमध मोडल्या, जुने नारळ मुळांसकट आडवे झाले. आमच्या हद्दीवरचा आंबा खोपीवर पडला. पण सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं होतं, आंबा पडायच्या आधीच छप्पर गेलेलं होतं. ही गोष्ट पुढे फार कामाला आली.

त्यानंतरचे आठवडे किनाऱ्यावरच्या कोणी विसरलेलं नाही. लॉकडाऊन चालू होता, रस्त्यांवर झाडं पडलेली, वीज कित्येक आठवडे नव्हती. पंप बंद, म्हणून विहिरीवर पुन्हा पोहरा आणि दोर आले. पत्रे आणि ताडपत्र्या मिळेनात. त्या दिवसांत घरात कामाला आली ती प्रत्येक वस्तू मागच्या दारची होती: दोर, शिडी, कोयती, कंदील, पहार आणि ढिगाऱ्याखाली कोरडी राहिलेली थोडी लाकडं. फ्रिज, मिक्सर, गिझर गप्प उभे होते. खोपीला मी तोवर अडगळीची जागा समजत असे. त्या पावसाळ्यात मला कळलं की घर चालतं त्यातला मोठा वाटा तिथे ठेवलेला असतो.

पुढचं वर्ष-दीड वर्ष सामान ताडपत्रीखाली होतं, कारण नवी खोपी घाईने बांधायची नाही असं ठरलं होतं. ताडपत्रीखाली ओल कशी जमते ते या काळात रोज दिसायचं. वरून थेंब शिरत नव्हता, पण जमिनीची वाफ वर चढायची, प्लास्टिकला आतून लागायची आणि लाकडांवर ठिबकायची. लाकडांवर पांढरी बुरशी, त्यातून पुढे छत्र्या. लाकूड जळण्याजोगं व्हायला त्यातलं पाणी साधारण पाचव्या हिश्श्याच्या खाली यायला लागतं, नाहीतर बरीचशी आग ते पाणी उकळण्यातच जाते आणि न्हाणी धुराने भरते. जुलैच्या हवेत लाकूड कितीही आडोशाला ठेवलं तरी त्याहून फारसं कोरडं होत नाही. म्हणजे वाळवायचं ते मेअखेरपर्यंत, आणि खोपीने पावसाळ्यात फक्त तो कोरडेपणा राखायचा. आगोटीची बेगमी, म्हणजे पावसाळ्याआधीची साठवण, या दोन शब्दांमागे एवढा हिशेब आहे.

नव्या खोपीची आखणी सासूबाई आणि सुतारकाका यांच्यात झाली. मी टेप धरला आणि वहीत लिहिलं.

जागा सासूबाईंनी ठरवली. जागा ठरवणं आगरात सोपं नसतं, कारण डोक्यावर माड नसलेला तुकडा शोधावा लागतो. तीस-चाळीस फुटांवरून पडलेला असोला नारळ कौल फोडून खाली येतो, आणि वाळलेलं चुडतही हलकं नसतं. शिवाय खोपी घराला चिकटून नको, कारण आत सुकं सोडण आणि पलीकडे चुलवण. फार लांबही नको. त्या म्हणाल्या, "अगो, भर पावसात डोक्यावर विरी धरून जाता आलं पाहिजे, आणि लाकडं मला दारातून दिसली पाहिजेत." दुसऱ्या अटीचं कारण मला उशिरा लक्षात आलं. लाकडं दिसत राहिली की किती उरली ते रोज आपोआप कळतं. बंद दारामागचा साठा संपल्यावरच समजतो. घरातल्या साठवणीच्या जागा बहुतेक वेळा ज्यांना त्या वापरायच्या नसतात ते ठरवतात, आणि जी बाई दिवसातून चार वेळा तिथे जाणार तिला कोणी विचारत नाही. आमच्याकडे तसं झालं नाही याचा मला खरोखर आनंद आहे.

न्हाणीच्या कोपऱ्यापासून थोड्या अंतरावर, वादळात माड पडून मोकळा झालेला तुकडा होता. तोच धरला. मापं ठरली ती सामानावरून. सर्वांत लांब शिडी, ती आडवी टांगायची तर आत बारा फूट हवेत. लाकडांच्या दोन रांगा, मधे माणसाला वाकून उचलता येईल एवढी वाट, म्हणजे रुंदी आठ फूट. खोपी १२ बाय ८ झाली.

मग वाऱ्याचा प्रश्न आला आणि बाकी सगळी चर्चा त्याच्याभोवतीच फिरली. एकीकडे खोपीतून वारा खेळायला हवा. दुसरीकडे त्याच वाऱ्याने छप्पर नेलेलं सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिलेलं. सुतारकाका म्हणाले, "वैनी, वारा छप्पर दाबून मोडत नाही. तो खालून शिरतो आणि उचलतो." हे अगदी खरं आहे. वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा वरचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढलं जातं. वाऱ्याच्या तोंडाशी असलेली बाजू उघडी असेल तर आत शिरलेला वारा खालून वेगळा रेटा देतो. दोन्ही मिळून छप्पर सुटतं. उतार जितका सपाट तितकी ही ओढ जास्त, म्हणून दहा-पंधरा अंशांच्या उतारावर पत्रे टाकलेल्या शेड निसर्ग वादळात उडून गावभर विखुरल्या. आणि सर्वांत आधी उचकटते ती पावळी, म्हणजे भिंतीबाहेर काढलेली छपराची कड. पण इथल्या पावसाला पावळी आखूड ठेवून चालत नाही, झड सरळ आत येते.

उत्तर गावातल्याच जुन्या घरांत होतं. आमच्याकडची जुनी घरं चौपाखी आहेत, चारही बाजूंनी उतरती. दोन पाखी काढल्या की दोन बाजूंना त्रिकोणी भिंती उभ्या राहतात आणि वारा त्यांवर सपाट आदळतो. चौपाखी छपरात वाऱ्याला कुठल्याच बाजूने तशी भिंत सापडत नाही. चक्रीवादळांच्या प्रदेशात असं छप्पर जास्त टिकतं, हे आज इंजिनिअरही सांगतात. सुतारकामाला मात्र ते अवघड. चार कोनवासे, म्हणजे कोपऱ्यांवरचे तिरके वासे, आढ्याला अचूक भेटावे लागतात, प्रत्येक वासा वेगळ्या लांबीचा कापावा लागतो, आणि कौलं कोनावर तिरकी कापावी लागतात. एवढ्याशा खोपीला एवढं काम कशाला, असं आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं. सुतारकाकांनी कोणालाच उत्तर दिलं नाही. त्यांना हल्ली खिडक्यांच्या चौकटी आणि स्लायडिंगची कामं मिळतात. कोनवासा बऱ्याच वर्षांनी करायला मिळत होता. त्यांनी आधी चिवाऱ्यांचा, म्हणजे बारीक बांबूंचा, छोटा सांगाडा करून तो ओटीवर ठेवला आणि दोन दिवस त्याच्याकडे बघत होते.

उतार ३० अंशांचा धरला. मंगलोरी कौलाला तो मानवतो. त्याहून सपाट केला तर झडीचं पाणी कौलाच्या सांध्यातून मागे चढतं. फार उभा केला तर कौलं खाली सरकायला बघतात. पत्रा की कौल, यावर घरात बरीच चर्चा झाली. पत्रा स्वस्त, हलका, एका दिवसात बसतो. पण खारी हवा त्याच्या कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं आधी खाते. मला कौल हवं होतं त्याचं कारण वजन आणि फटी. मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं, एका चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात. म्हणजे मीटरभर छपराचं वजन ३७-३८ किलो, तर पत्र्याचं चार-पाच किलो. हे वजनच छप्पर खाली धरून ठेवतं. शिवाय कौलांच्या सांध्यांतून हवा सुटते. आत कोंडलेल्या वाऱ्याला वाट मिळते, आणि एरवी लाकडांची वाफही तिथूनच निघून जाते. वादळात कौलं उडत नाहीत असं नाही, गावात हजारो फुटली. पण चार कौलं गेली तर चार बदलता येतात. पत्र्याची पूर्ण पाखी गेली की सगळं उघडं पडतं.

छपराचा हिशेब मी वहीत मांडला. चारही बाजूंना दोन-दोन फूट पावळी, म्हणजे वरून पाहिलं तर १६ बाय १२. उतारामुळे क्षेत्र वाढून २२० चौरस फुटांच्या थोडं वर. कौलं तीनशेच्या आसपास, त्यांचं वजन पाऊण टन. हे आकडे लिहिताना मला त्या खोपीबद्दल आदर वाटायला लागला. पुढचा आकडा पाण्याचा. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एवढ्याशा छपरावरून एका पावसाळ्यात साठ हजार लिटर पाणी खाली उतरणार. पागोळ्यांखाली चर न काढता खोपी उभी केली तर ते पाणी दोन पावसाळ्यांत जोत्याखालची माती धुऊन नेईल. म्हणून पावळीच्या रेषेखाली फूटभर रुंद चर खणून त्यात जांभ्याच्या कपच्या भरल्या आणि त्याला आगराच्या कडेच्या पाटाकडे उतार दिला. हे काम फोटोत दिसत नाही, पण माझ्या मते सगळ्या खोपीत हेच सर्वांत महत्त्वाचं आहे.

कौलं जुनीच घेतली. तालुक्यात जुनी घरं पाडली जातात तेव्हा कौलं रचून विकायला ठेवतात. पालथी केली की कारखान्याचा ठसा दिसतो. मंगळूरला बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्टने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली. त्याआधी आमच्याकडे कुंभाराचे नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, होते, जे दर वर्षी उतरवून पुन्हा रचावे लागत. वानरं नाचली की नळे सरकत. मंगलोरी कौल खाचेत बसतं, त्यामुळे शाकारणीचं काम खूप हलकं झालं. आता त्यातले बरेच कारखाने बंद पडलेत. जुनं कौल घेताना प्रत्येकावर बोटाच्या हाडाने ठोकून पाहायचं. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर आत चीर आहे. सासूबाई गाडीपाशी उभ्या राहून एकेक वाजवत होत्या आणि विकणाऱ्याने मधेच एकदाही घाई केली नाही.

लाकूड आमच्याच वरच्या जागेतल्या फणसाचं. तोही वादळातच पडला होता. खोपीवर पडलेला आंबा जवळ होता, लाकूड भरपूर होतं, पण आंब्याला भुंगा लवकर लागतो आणि ओलीत तो टिकत नाही. त्याचं जळण झालं. फणसाचं लाकूड पिवळं, पुढे तांबूस होत जातं, त्याला वाळवी सहसा लागत नाही. आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं स्वतःच्या जागेतली असली तरी मनाला येईल तेव्हा तोडता येत नाहीत. महाराष्ट्रात त्यासाठी १९६४चा वृक्षतोडीचा कायदा आहे. पडलेल्या झाडांचे पंचनामे झाले, मग ओंडका गिरणीत चिरून आणला आणि फळ्या-वाशांमध्ये पट्ट्या घालून सावलीत रचून ठेवला. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, असं जुने सुतार सांगतात. आम्ही पुरतं तेवढं थांबू शकलो नाही. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगतून वर गेलं, ते पाहून दिवाळीनंतर काम सुरू करायचंच असं ठरलं.

जोतं जांभ्याचं. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. उघड्या हवेत राहिला की कठीण होत जातो. पण तो सच्छिद्र, जमिनीतली ओल वर ओढतो. म्हणून जोतं दीड फूट उंच घेतलं आणि वर सिमेंटचा थर दिला. भिंती फक्त पश्चिमेला आणि दक्षिणेला, कारण मोसमी वारा तिकडून येतो. त्याही छपरापर्यंत नेल्या नाहीत, छाती एवढ्या. त्याच्या वर आणि उरलेल्या दोन बाजूंना चिवाऱ्यांची जाळी, दोन बोटं फट ठेवून. पावसाळ्यात पश्चिमेच्या जाळीला झाप बांधायचे, दसऱ्याला सोडायचे. चिवारी कापायची ती पावसाळा संपल्यावर, तिच्यातला गोडवा कमी असतो तेव्हा, आणि मग पंधरा-वीस दिवस पाण्यात बुडवून ठेवायची. भुंग्याला बांबूतलं पीठ हवं असतं. पाण्यात ते निघून जातं. आमची चिवारी पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, दगडांखाली दाबून ठेवली होती आणि वास इतका येत होता की शेजारच्या मावशी विचारून गेल्या.

खांबांच्या बाबतीत मात्र जुन्या रीतीला मुरड घालावी लागली. जुन्या घरांत खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडी तळखड्यावर उभा करतात. वाळवी आणि ओल दोन्हींपासून तो वाचतो. मोठ्या घराचं छप्पर इतकं जड असतं की खांब जागेवरून हलत नाही. खोपीचं पाऊण टन त्या मानाने कमी. म्हणून तळखड्याखाली काँक्रीटचा ठोकळा, त्यातून वर आलेली गॅल्वनाइज्ड पट्टी, ती खांबाला दोन बोल्टांनी आरपार. तशीच पट्टी खांब आणि तुळईच्या सांध्यावर, आणि वासा तुळईला बसतो तिथे. छपरापासून जमिनीपर्यंत धरून ठेवणारी ओळ कुठे तुटायला नको, एवढंच पाहायचं. एक सांधा नुसत्या खिळ्यावर सोडला तर बाकीच्या पट्ट्यांचा उपयोग नाही. पावळीलगतच्या दोन ओळींतली कौलं आणि कोनांवरची सगळी, त्यांच्या मागच्या भोकातून तार ओवून रिपांना बांधली. सुतारकाकांना पट्ट्या आवडल्या नाहीत, सांधा कुसवाचा, म्हणजे लाकडात लाकूड बसवलेला, असावा असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कुसूही केले आणि पट्ट्याही लावल्या.

परवानगीचं थोडक्यात. खोपी छोटी असली तरी पक्कं जोतं घालायचं तर ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा. ग्रामपंचायत अधिनियम १९५८च्या कलम ५२ मध्ये बांधकामावरच्या नियंत्रणाची तरतूद आहे. किनाऱ्याजवळ भरतीरेषेपासूनचं अंतर हा वेगळा विषय, त्याची चौकशी आधीच करावी. आणि सातबारा सामाईक असेल तर कागदाच्या आधी भाऊबंदांशी बोलावं. आमच्या खोपीची पागोळी चुलत दिरांच्या गडग्याकडे, म्हणजे दगडी कुंपणाकडे, जाणार होती. त्यांना घेऊन जागेवर उभं राहून चर कुठून जाईल ते दाखवलं. त्यांनीच पाटाची जुनी वाट दाखवली, जी आम्हाला ठाऊक नव्हती.

आतल्या मांडणीत जमिनीवर काहीही ठेवायचं नाही हा एकच कडक नियम आहे, आणि तो फुरशामुळे. रत्नागिरी जिल्ह्यात लहानपणापासून प्रत्येकाला फुरशाची भीती घातलेली असते. वीतभर ते हातभर लांबीचा साप, जांभ्याच्याच रंगाचा, दगडाखाली, लाकडांच्या ढिगात बसलेला. लाकूड उचलायला घातलेला हात त्याच्या तोंडाशी जातो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांवर एकच प्रतिसर्पविष चालतं आणि ते सरकारी दवाखान्यांत ठेवलेलं असतं. पण गाव ते दवाखाना हे अंतर पावसातल्या रात्री फार मोठं असतं. म्हणून लाकडांसाठी दीड फूट उंचीवर फळ्यांचा माच केला. त्याखाली वाकून पाहिलं तर पलीकडचा उजेड दिसतो, झाडू आरपार फिरतो. माच भिंतीपासून वीतभर सुटा. गुरांची पेंड, भात, कणी यांतलं काहीही खोपीत ठेवत नाही. दाणा आला की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. संध्याकाळी लाकडं आणायला जाताना बॅटरी घेऊनच जायचं, आणि उचलण्याआधी काठीने ढिगावर दोनदा ठोकायचं. सासूबाई हे गेली पन्नास वर्षं करतायत.

लाकडांच्या दोन रांगा, एक चालू वर्षाची, एक पुढच्या वर्षाची. ओली कधी कोरड्यात मिसळायची नाहीत. नारळ उत्तरेच्या बाजूला, चिवाऱ्यांच्या खणात, ऊन न लागेल असे. सोडणं सर्वांत पलीकडच्या टोकाला, न्हाणीपासून लांब. शिडी तुळयांखाली आडवी टांगलेली, झेल्याची काठी तिच्या शेजारी. लोखंडाच्या वस्तूंसाठी दक्षिणेच्या भिंतीत झाकणाची पेटी बसवली. कोयतीला, पहारीला मे महिन्यात खोबरेल चोळून ठेवतो. खोपीत बंद अशी जागा तेवढी एकच.

२०२२च्या मार्चमध्ये शेवटची कौलं चढली. त्यानंतरचे पावसाळे तिने काढलेत. झड आत येते, पहिल्या हातभर पट्ट्यात जमीन ओली होते, माचावरची लाकडं कोरडी राहतात. निसर्गसारखं वादळ पुन्हा अजून आलेलं नाही, त्यामुळे पट्ट्यांची खरी परीक्षा झालेली नाही. दर मे महिन्यात मी शिडी लावून प्रत्येक बोल्ट हाताने तपासते, गंज दिसला तर घासून रंग लावते आणि तुटलेली तार बदलते.

आता सासूबाईंच्या मनात पूर्वेची बाजू आहे. तिकडे सकाळचं ऊन छान येतं. पावळीखाली जाळीला लागून, ओढून बाहेर काढता येतील असे चार खण केले तर सुपारी सुकवायला खळ्यात राखण करत बसावं लागणार नाही, पाऊस आला की खण आत सरकवले झालं. सुतारकाकांनी येऊन माप नेलंय. खण सरकायला चाकं लावायची की नुसत्या घासायच्या पट्ट्या, यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही. फणसाच्या फळ्या मात्र बाजूला काढून ठेवल्यात.